बेळगावचे बंदर

बेळगावला एकेकाळी बंदर होते, असे सांगितले की आजची मुले हसतात. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फूट उंचीवर वसलेल्या गावाला बंदर कसले? पण आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला यात हसण्यासारखे काही वाटले नसते. त्यांच्या लेखी बेळगावचे बंदर म्हणजे वेंगुर्ले. मीठ तिथून यायचे, नारळ तिथून, सुके बांगडे तिथून, आणि विलायती कापडाचे गठ्ठेही तिथूनच. आपल्याकडून कापूस, धान्य, मिरची असा माल बैलगाड्यांतून घाट उतरून खाली जायचा. आधी रामघाट, नंतर आंबोलीचा पारपोली घाट, आणि पायथ्याला सावंतवाडीवरून वेंगुर्ले. सतराव्या शतकात डचांनी तिथे वखार घातली, तिचे अवशेष अजून उभे आहेत. १८१२ साली सावंतवाडीकरांकडून ते बंदर इंग्रजांकडे गेले आणि सहा वर्षांनी बेळगावही त्यांच्याकडे आले. मग इथल्या छावणीचे सामान वेंगुर्ल्याला उतरू लागले आणि तो रस्ता आणखी वाहता झाला.

पुढे रेल्वे आली. पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्यात १८७८ साली तह झाला, आणि १८८८ मध्ये मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंतचा लोहमार्ग सुरू होऊन तो लोंढ्यामार्गे आपल्या बाजूच्या रेल्वेला जोडला गेला. बैलगाडीला आठवडा लागायचा तिथे मालडबा एका दिवसात जाऊ लागल्यावर वेंगुर्ल्याला कोण विचारणार? व्यापार मुरगावकडे वळला आणि वेंगुर्ले मागे पडले. एका बंदराचे जाणे आणि दुसऱ्याचे येणे, दोन्ही आपल्या गावाने पाहिले. समुद्र न पाहता.

आता हे सारे गणपतीच्या स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारील. कारण असे की, बंदराशी असलेले आपले नाते तुटलेले नाही, त्याची दिशा तेवढी बदलली आहे. पूर्वी आपण घाटाखाली कापूस पाठवत होतो. आता प्लास्टिक पाठवतो. तेही भाडे न देता, पावसाच्या पाण्याबरोबर.

जुन्या व्यापारातल्या मालाच्या बांधणीकडे एकदा पाहावे. मीठ गोणपाटात, तेल मडक्यात नाहीतर डब्यात, मासळी पाटीत किंवा टोपलीत, गूळ ढेपेच्या ढेपेने. निपाणीचा तंबाखू तागाच्या बोदांतून जायचा. दोर काथ्याचा, सुंभही काथ्याचा. लग्नात पत्रावळ आणि द्रोण, प्रसाद केळीच्या पानावर. फेकले तर जनावर खाई, उरले तर कुजे. आपले पूर्वज आपल्यापेक्षा स्वच्छ होते असे आम्हाला म्हणायचे नाही. कचरा ते आपल्याइतकाच निःसंकोचपणे घराबाहेर टाकत. पण त्यांचा कचरा सहा महिन्यांत माती व्हायचा. आपण सवय तीच ठेवली, वस्तू तेवढी बदलली. सगळा घोटाळा इथे आहे.

समुद्रात प्लास्टिक पहिल्यांदा पिशवीच्या रूपाने गेले, असा आपला समज असतो. मच्छीमारांकडून इतिहास ऐकला तर तो जरा वेगळा निघतो. पूर्वीची जाळी सुताची, तागाची. ती झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करावी लागत, दर काही दिवसांनी वाळवावी लागत. नायलॉन १९३८ मध्ये जगापुढे आले आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत आपल्या किनाऱ्यावर पोचले. केरळात १९५०च्या दशकात नॉर्वेच्या मदतीने मासेमारी सुधारण्याचा प्रकल्प झाला, त्याच काळात यंत्राच्या होड्या आणि नायलॉनची जाळी वाढली. मच्छीमाराच्या दृष्टीने ते वरदानच होते: वजनाला हलके, वाळवायला नको, कुजत नाही. पण कुजत नाही याचा अर्थ असा की, खडकाला अडकून तुटलेले जाळे समुद्राच्या तळाशी वर्षानुवर्षे मासे धरतच राहते. ते काढून घ्यायला कोणी येत नाही. कासवे अडकतात, खेकडे अडकतात. वेंगुर्ले तालुक्यात वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि तिथे लोक त्यांची घरटी राखतात. किनाऱ्यावर एवढी राखण करायची आणि पाण्यात जाळे वाट पाहत असायचे, असा हा प्रकार.

पिशवी नंतर आली. आज आपण जिला 'कॅरीबॅग' म्हणतो, ती एका तुकड्यातून कापलेली बंद्यांची पिशवी स्वीडनमधल्या स्टेन गुस्ताफ थुलिन या अभियंत्याने काढली आणि १९६५ साली तिचे पेटंट घेतले गेले. आमच्या पिढीने तिचा आपल्या बाजारात झालेला प्रवेश पाहिला आहे. आमच्या लहानपणी बाजाराला निघताना दाराआडच्या खुंटीवरची कापडी पिशवी घेणे हा ठरलेला रिवाज होता. ती विसरली तर माघारी यावे लागे. दुकानदार फुकट पिशवी देऊ लागला आणि ती खुंटी रिकामी झाली. मग दही, सांबार, उसाचा रस, काहीही पिशवीत मिळू लागले. याला सोय म्हणत आपण आनंदाने स्वीकारले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

कायद्यांचा इतिहास मोठा मौजेचा आहे. केंद्राचे पहिले नियम १९९९चे. त्यांत पिशवी किमान २० मायक्रॉन जाडीची हवी असे ठरले. २०११ मध्ये ४०, २०१६ मध्ये ५०, सप्टेंबर २०२१ अखेर ७५ आणि २०२२च्या अखेरीपासून १२०. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डिप्लोमाला असताना वर्कशॉपमध्ये स्क्रू गेजने तारेची जाडी मोजताना आमची भंबेरी उडायची. भाजी मंडईत गर्दीच्या वेळी पिशवीची जाडी कोण आणि कशाने मोजणार? बोटाने चाचपून ५० आणि ७५ यांतला फरक कळणे शक्य नाही, हे ज्याने एकदा मोजून पाहिले आहे तो शपथेवर सांगेल. जाड पिशवी पुन्हा वापरली जाते आणि गोळा करणाऱ्याला तिचा भाव मिळतो, हा त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. पण ज्या नियमाची तपासणी डोळ्यांना करता येत नाही, तो नियम बाजारात टिकत नाही. तीस वर्षांचा अनुभव नाही तरी वीस वर्षांच्या सरकारी नोकरीतून एवढे तरी आम्ही शिकलो.

आपल्या सीमाभागात या कायद्यांनी आणखी एक गंमत केली. (सीमाप्रश्नावर आम्ही इथे बोलणार नाही. नोकरी आहे, शिवाय संपादकांनी जागाही मोजकी दिली आहे.) कर्नाटक सरकारने मार्च २०१६ मध्ये जाडी न पाहता सगळ्याच प्लास्टिकच्या पिशव्या, फ्लेक्स, थर्माकोलची भांडी वगैरेंवर बंदी घातली. महाराष्ट्रात तेव्हा जाड पिशवी चालत होती. तिथली सरसकट बंदी २३ मार्च २०१८ला जाहीर झाली आणि जूनपासून अमलात आली. म्हणजे दोन वर्षे निपाणीत जी पिशवी गुन्हा, तीच कोगनोळीचा टोलनाका ओलांडून कागलला गेले की कायदेशीर. लग्नाचा बस्ता घ्यायला कोल्हापूरला गेलेला माणूस परत येताना हातात काय घेऊन येई, हे सांगायला नको.

गुटख्याच्या बाबतीत हाच खेळ उलट्या बाजूने झाला होता. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटखा बंद केला, कर्नाटकाने मे २०१३च्या अखेरीस. मधले दहा महिने कागलमध्ये बंद आणि निपाणीत चालू. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१०च्या आदेशाने गुटखा आणि तंबाखू प्लास्टिकच्या पुडीत विकायला मनाई केली होती. मार्च २०११ पासून ती लागू झाली. तंबाखूवर जगलेल्या निपाणीने या पुडीचा विचार सगळ्यात आधी करायला हवा होता, असे आमचे मत आहे. तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शेतकऱ्यांनी हमरस्त्यावर ठाण मांडले, गोळीबार सोसला. तो भाव शेतकऱ्याच्या बोदाला मागितला होता. पुढे तोच माल चिमूटभर होऊन चकचकीत पुडीत शिरला आणि गटारीत पसरला. त्या पुडीत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. भंगारवाला ती घेत नाही. जे भंगारवाला घेत नाही ते शेवटी पाणीच घेते, हा नियम कुठेही लावून पाहावा.

आता पाणी कुठे जाते ते पाहू. वेदगंगा निपाणी भागातून जाऊन दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला. बेळगावचा बळ्ळारी नाला आणि मार्कंडेय यांचे पाणी घटप्रभेत जाते, तीही कृष्णेला. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा कुडलसंगमला कृष्णेत शिरते. ही सगळी कृष्णा आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. पण खानापूर तालुक्यातच म्हादई जन्मते आणि ती मात्र पश्चिमेला वळते. गोव्यात तिची मांडवी होते, आणि पणजीला ती अरबी समुद्राला भेटते. उगमापासून मुखापर्यंत सुमारे ८० किलोमीटर, बस्स. कृष्णेची वाट १४०० किलोमीटरची.

हा फरक महत्त्वाचा आहे, म्हणून जरा थांबतो. आपली पिशवी थेट समुद्रात जाते असे भाषणांत ठोकून देतात. पूर्वेच्या वाटेवर ते फारसे खरे नसावे. वेदगंगा-दूधगंगेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, बर्ग्यांना अडकलेल्या प्लास्टिकचे पुंजके पावसाळ्याच्या शेवटी कोणीही जाऊन पाहावेत. पुढे आलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर. एवढी धरणे ओलांडून निपाणीची पुडी उपसागरात पोचणे म्हणजे मोठा पराक्रमच. ती अडकते, शेतात पसरते, गाळात पुरली जाते. पश्चिमेची वाट तशी नाही. नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास सांगतो की, जगातल्या हजाराहून अधिक नद्या मिळून यातला ८० टक्के भाग वाहून नेतात, आणि त्यांत समुद्राजवळच्या, वस्तीतून जाणाऱ्या लहान नद्या फार आहेत. गंगा, यांगत्सेसारख्या मोठ्या नद्यांनाच दोष देण्याची जुनी समजूत त्याने बदलली. आखूड नदी, जोराचा पाऊस, जवळ समुद्र. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या बहुतेक नद्या अशाच आहेत.

म्हणून पावसाळ्यात चोर्ला घाटात धबधबे पाहायला जाणाऱ्या आपल्या मंडळींची जबाबदारी नाल्याकाठी राहणाऱ्यापेक्षा जास्त आहे, असे आम्ही म्हणतो. चोर्ल्याच्या पश्चिमेचे पाणी वाळवंटी नदीतून साखळीवरून मांडवीला जाते. आंबोलीतही तसेच. तिथे उगम पावणारी हिरण्यकेशी संकेश्वरवरून पूर्वेकडे घटप्रभेला येते आणि घाटाच्या पलीकडे पडलेला थेंब कोकणात उतरतो. शंभर पावलांवर समुद्र बदलतो. वेफर्सचे रिकामे पाकीट गाडीच्या कोणत्या काचेतून बाहेर गेले, त्यावर ते कोणाच्या दारात जाणार हे ठरते. म्हादईच्या पाण्यावरून तीन राज्यांचा वाद लवादापर्यंत गेला. पाणी किती कोणाला, याचा एकेक थेंब मोजला गेला. त्या पाण्यातून काय जाते, यावर कोणी दावा लावला नाही. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मांडवी आणि जुवारीच्या मुखाशी पाणी, गाळ आणि खाण्यातली मासळी तपासली, तेव्हा सूक्ष्म प्लास्टिकचे कण तिन्हींत सापडले. बेळगावच्या कॅम्पातल्या फिश मार्केटला मासळी कुठून येते? पाठवलेला माल परत येतो तो असा, बर्फात घालून.

आणि समुद्राचे सोडा, आपल्या शिवाराचे काय? बळ्ळारी नाला तुंबला की येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारातले भात पाण्याखाली जाते. गाळ, जलपर्णी, नाल्यावर झालेली बांधकामे ही कारणे आहेतच, पण शहराच्या गटारींतून येणारे प्लास्टिकही त्यात भर घालते. ज्या भाताच्या वासाने बेळगावचा बासमती ओळखला गेला, ते भात या पाण्यात आठ-आठ दिवस कुजते. मुंबईने २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झेलला तेव्हा तुंबलेल्या गटारींत पिशव्या सापडल्या आणि महाराष्ट्रात पिशव्यांवरचे निर्बंध कडक झाले. शेतकऱ्याचे भात कुजण्याला तशी बातमी मिळत नाही.

उपाय झाले नाहीत असे नाही, आणि ते फार दूरही झालेले नाहीत. ज्या वेंगुर्ल्यापासून आम्ही सुरुवात केली, त्याच वेंगुर्ल्याने दहा वर्षांपूर्वी एक उदाहरण घालून दिले. तत्कालीन मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात नगरपरिषदेने घरातच कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात केली. मिसळलेला कचरा घ्यायचाच नाही, असा खाक्या. ओल्यापासून बायोगॅस आणि खत, प्लास्टिकची यंत्रावर भुकटी करून ती रस्त्याच्या डांबरात. जिथे नाक धरून जावे लागे त्या कचरा डेपोवर बाग फुलली आणि लोक तो पाहायला येऊ लागले. डांबरात प्लास्टिक मिसळण्याची ही पद्धत मदुराईच्या त्यागराजर कॉलेजचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी विकसित केली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा पातळ थर बसतो आणि मग त्यावर डांबर चांगले धरते, एवढे साधे तत्त्व आहे. लहान गावाचे एक बरे असते. वेंगुर्ल्यासारख्या गावात कोणाच्या घरचा कचरा कोणता हे सगळ्यांना माहीत असते. बेळगावला तसे होणे अवघड, पण गल्लीगल्लीत ते शक्य आहे, कारण आपली गल्ली म्हणजे एक वेंगुर्लेच आहे.

बंदरावरचे काम पाहायचे तर केरळात कोल्लमजवळच्या शक्तिकुळंगरा-नींदकराचे पाहावे. तिथल्या ट्रॉलरच्या जाळ्यांत मासळीबरोबर प्लास्टिक वर यायचे. मच्छीमार मासळी ठेवून प्लास्टिक पुन्हा पाण्यात टाकायचे. त्यात त्यांचा दोष म्हणावा तर किनाऱ्यावर आणून ते द्यायचे कोणाला? २०१७ मध्ये मत्स्य खाते, बंदर खाते आणि बोटमालकांच्या संघटना एकत्र आल्या, बोटींना पिशव्या दिल्या, आणि आणलेले प्लास्टिक धुऊन, निवडून, दळण्यासाठी स्थानिक बायकांना पगारी काम दिले. तो चुराही रस्त्यांच्या कामी आला. 'शुचित्व सागरम्' असे त्या योजनेचे नाव. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह या वकिलांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये दर आठवड्याला कचरा उचलायला सुरुवात केली. २०१८ मध्ये तिथे कासवाची पिल्ले पुन्हा दिसली, ही गोष्ट बहुतेकांनी वाचलेली आहे. आम्हाला केरळचे काम अधिक टिकाऊ वाटते. रविवारचा उत्साह मोठाच, पण पगाराचे काम सोमवारीही चालते.

जहाजांचे म्हणाल तर त्यांनी समुद्रात प्लास्टिक टाकू नये असा आंतरराष्ट्रीय नियम १९८८च्या अखेरीपासून अमलात आहे. जमिनीवरून जाणाऱ्या प्लास्टिकसाठी मात्र जगाचा करार अजून व्हायचा आहे. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत करार करायचे ठरले, २०२४च्या अखेरीस बुसानला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला बैठका झाल्या, आणि दोन्ही एकमत न होता उठल्या. सीमाभागातल्या माणसाला या गोष्टीचे नवल वाटत नाही.

आपल्या उत्सवाकडे येऊ. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन झाले तेव्हा गंगाधरराव देशपांडे यांनी पाण्यासाठी विहीर खणून घेतली, ती काँग्रेस विहीर आपण रोज पाहतो. त्या अधिवेशनात सफाईचे काम काका कालेलकरांकडे होते, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. कालेलकर हे मूळ सावंतवाडीकडच्या कालेलीचे घराणे, काकांचे बालपण इकडे बेळगुंदी-शहापुरात गेले. मार्कंडेय नदीला त्यांनी आपल्या लेखात सखी म्हटले आहे. सखीच्या काठी आज जाऊन पाहावे.

केंद्राच्या १ जुलै २०२२च्या बंदीत सजावटीचे थर्माकोल नावानिशी आहे. म्हणजे मखराचा प्रश्न कायद्याने तरी मिटला. राहिले दोन. पहिला, विसर्जनाला कपिलेश्वर तलावावर किंवा जक्कीन होंड्यावर जाताना निर्माल्य कशात न्यायचे. फुले कुजतात, म्हणून निर्माल्याचा कलश ठेवला जातो, आणि आपण पिशवीसकट त्यात टाकतो. मग रात्रभर कार्यकर्ते गाठी सोडत बसतात. दुसरा, मिरवणुकीतल्या पाण्याच्या पाकिटांचा आणि महाप्रसादाच्या ताटल्यांचा. आपली मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, तहान तर लागणारच. पूर्वी गल्लीतली घरे ओट्यावर पाण्याचे पिंप आणि तांब्या ठेवत. या वर्षी मंडळाने वाटेवरच्या अकरा घरांशी बोलून तशी पिंपे ठेवायचे ठरवले आहे, आणि महाप्रसादासाठी स्टीलची ताटे भाड्याने सांगितली आहेत. ताटे धुवायला दोन्ही दिवस माणसे कमी पडतील, तेव्हा तरुणांनी यावे. निर्माल्य घरातून परडीत किंवा कागदात आणावे.

अनंत चतुर्दशीनंतरच्या दुसऱ्या रविवारी मंडळाची काही मंडळी आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याला जाणार आहेत. डच वखार, बंदर आणि तो कचरा डेपो असे तिन्ही पाहायचे आहे. गाडीत थोड्या जागा शिल्लक आहेत. नावे कार्यवाहांकडे द्यावीत. डबा ज्याने त्याने घरून आणायचा, पाण्याची बाटलीही घरचीच.